उताराच्या प्लॉटवर घर: अमेरिकेत ‘ग्रेड’ कशी ठरते आणि घराची उंची कुठून मोजतात

आमच्या घराच्या फाईलमध्ये पहिल्या आराखड्याचे दोन कागद मी जपून ठेवले आहेत. एकावर घराची उंची ३० फूट आहे, दुसऱ्यावर ३६ फूट. घर तेच, कागद एकाच आठवड्यातले, आणि दोन्ही आकडे बरोबर. गावाची मर्यादा होती ३५ फूट. म्हणजे एका कागदाप्रमाणे आमचं घर नियमात बसत होतं आणि दुसऱ्याप्रमाणे नव्हतं.

न्यू जर्सीत उताराच्या प्लॉटवरचं जुनं घर पाडून आम्ही नवं बांधलं. परवानगीचा अर्ज दोनदा परत आला, आणि दोन्ही वेळा कारण उंचीचंच होतं. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येत असतो. “अगं, आमच्या आर्किटेक्टने उंची ३३ लिहिली, टाऊनशिप म्हणते ३७. चार फूट आले कुठून?” टाऊनशिप म्हणजे इथलं गावाचं प्रशासन. फोन करणाऱ्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. नकाशावर सही आर्किटेक्टची किंवा इंजिनिअरचीच लागेल, पण त्यांना कोणते प्रश्न विचारायचे हे मालकाला माहीत असलं की महिने वाचतात.

आधी थोडे शब्द

ग्रेड म्हणजे घराला लागून असलेल्या जमिनीची पातळी. हा शब्द एकटा कधीच पुरेसा नसतो, कारण जमीन बदलते. तुम्ही प्लॉट घेतलात तेव्हाची पातळी ती एक्झिस्टिंग ग्रेड. माणसाने कधीच हात लावला नव्हता तेव्हाची नॅचरल ग्रेड. बांधकाम संपून माती पसरल्यावर, गवत लावल्यावर उरते ती फिनिश्ड ग्रेड. नियमात यांपैकी कोणता शब्द आहे यावर सगळा हिशेब फिरतो.

छपरासाठी आपले जुने शब्द मला जास्त सोयीचे वाटतात. छपराचं सर्वांत वरचं टोक म्हणजे आढं, भिंतीबाहेर छप्पर जिथे संपतं ती वळचण, सपाट छपराभोवतीचा तो कठडा.

भारतातून आलेल्यांसाठी एक गोष्ट. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडच्या २०१६ च्या आवृत्तीतही उंची घराभोवतीच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासूनच धरली आहे. पण उतरत्या छपराच्या घराची उंची तिथे बाहेरची भिंत छपराला मिळते तिथपर्यंतच मोजतात. रस्त्याकडे त्रिकोणी भिंत असेल तरच वळचण आणि आढं यांच्या मधोमध जातात. माझ्या सासऱ्यांनी कोकणात कौलारू घर बांधलं तेव्हा आढ्याची उंची नियमासाठी मोजावी लागते हे त्यांच्या कानावरही आलं नव्हतं. इथे अनेक गावं थेट आढ्यापर्यंत मोजतात. भारतातली सवय घेऊन इथला नकाशा वाचू नका.

१. दोन पुस्तकं वेगळी ठेवा

इथे घराला दोन वेगळे नियम लागतात आणि दोन्हीत ‘बिल्डिंग हाईट’ हा एकच शब्द आहे. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

पहिलं पुस्तक बिल्डिंग कोड. इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था नमुना नियमावली काढते. मोठ्या इमारतींसाठी इंटरनॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे आयबीसी. एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी आणि टाऊनहाऊससाठी इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, म्हणजे आयआरसी. आयबीसीची पहिली आवृत्ती २००० साली आली आणि दर तीन वर्षांनी नवी येते. नमुना हा कायदा नसतो. राज्य किंवा शहर तो स्वीकारतं, त्यात आपले बदल करतं, तेव्हा तो लागू होतो. म्हणून शेजारच्या राज्यातल्या मित्राची आवृत्ती तुमच्याकडे चालेलच असं नाही.

दुसरं पुस्तक झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय आणि केवढं बांधता येईल याचे नियम. ते गावाचं किंवा शहराचं स्वतःचं असतं. न्यू जर्सीत बिल्डिंग कोड सगळ्या राज्याला एकच आहे, झोनिंग मात्र प्रत्येक टाऊनशिपचं निराळं. दहा मिनिटांच्या अंतरावर व्याख्या बदलते.

दोघांचे हेतू वेगळे आहेत म्हणून मोजमाप वेगळं. बिल्डिंग कोडला चिंता आग लागल्यावर माणसं बाहेर कशी पडतील याची. झोनिंगला काळजी शेजाऱ्याच्या उजेडाची आणि गल्लीतल्या घरांच्या आकारमानाची. आमचे ते दोन कागद याच दोन पुस्तकांचे होते. बिल्डिंग कोडप्रमाणे ३०, झोनिंगप्रमाणे ३६.

म्हणून कुणी “तुमच्या घराची उंची एवढी” म्हणालं की पहिला प्रश्न विचारा: कोणत्या पुस्तकाप्रमाणे?

२. आपल्या गावाची व्याख्या शब्दशः उतरवून घ्या

बहुतेक गावांचं झोनिंग ऑनलाइन असतं. सुरुवातीच्या व्याख्यांच्या प्रकरणात ‘ग्रेड’, ‘बिल्डिंग हाईट’, ‘स्टोरी’, ‘हाफ स्टोरी’ आणि ‘बेसमेंट’ हे पाच शब्द शोधा आणि त्यांची वाक्यं जशीच्या तशी वहीत लिहा. स्वतःच्या शब्दांत लिहू नका. ‘ॲव्हरेज’ आणि ‘लोएस्ट’ यांतला फरक तिथेच निसटतो.

व्याख्या किती वेगळ्या असू शकतात याची ही काही उदाहरणं.

वॉशिंग्टन डीसीत १९१० चा उंचीचा कायदा अजून लागू आहे. तो जमिनीकडे बघतच नाही. इमारतीच्या दर्शनी बाजूच्या मध्यासमोर पदपथ जिथे आहे तिथून मोजायला सुरुवात होते. इमारतीला दोन रस्ते असतील तर ज्या बाजूने जास्त उंची मिळेल ती बाजू धरता येते.

लॉस एंजेलिसच्या झोनिंगमध्ये अनेक वर्षं चालत आलेली व्याख्या याच्या उलट टोकाची आहे. घरापासून पाच फुटांच्या पट्ट्यात, किंवा हद्द त्याआधी येत असेल तर हद्दीपर्यंत, जमिनीचा सर्वांत खालचा बिंदू म्हणजे ग्रेड. तिथून छप्पर किंवा कठडा, जे उंच असेल तिथपर्यंत. उताराच्या प्लॉटसाठी ही फार कडक पद्धत आहे.

सिॲटलमध्ये भिंतींच्या मध्यबिंदूंवरच्या पातळ्यांची सरासरी काढतात. घराभोवती सर्वांत लहान चौकोन आखून त्याच्या चार बाजूंचे मध्यबिंदू घेण्याचीही सोय आहे.

आणि जुन्या युनिफॉर्म बिल्डिंग कोडची एक पद्धत आहे. त्या कोडची शेवटची आवृत्ती १९९७ ची, पण पश्चिमेकडच्या गावांच्या नियमांत तिची भाषा अजून भेटते. घरापासून पाच फुटांतली सर्वांत उंच जमीन किंवा पदपथ धरायचा, पण तो सर्वांत खालच्या जमिनीपेक्षा दहा फुटांहून जास्त वर असेल तर खालच्या जमिनीच्या दहा फूट वरची पातळी धरायची. ही सर्वांत उदार पद्धत म्हणता येईल.

तुमचं गाव यांपैकी एकीसारखं किंवा यांची मिसळ असेल. वाक्याला दोन अर्थ निघत असतील तर झोनिंग ऑफिसरला ईमेल करून लेखी उत्तर मागा. काउंटरवर तोंडी मिळालेलं उत्तर सहा महिन्यांनी फाईलमध्ये सापडत नाही.

३. मातीला हात लावण्याआधी सर्व्हे

या लेखातलं एकच पान वाचायचं असेल तर हे वाचा.

आम्ही आधी जुनं घर पाडलं. तळघराचा खड्डा भरला, जमीन सपाट करून घेतली, मग सर्व्हेअरला बोलावलं. त्याने चांगला नकाशा काढला, पण तो सपाट केलेल्या जमिनीचा. गावाच्या नियमात होतं, ‘एक्झिस्टिंग किंवा फिनिश्ड, यांपैकी जी खाली असेल ती’. एक्झिस्टिंग म्हणजे पाडकामाच्या आधीची. ती दाखवणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता.

असा नियम का असतो हे समजून घ्या. नाहीतर कुणीही घराभोवती चार फूट भराव टाकील आणि कागदावर घर चार फुटांनी बुटकं होईल. म्हणून गावं जुनी पातळी मागतात. आम्ही भराव घालून काही लपवत नव्हतो, पण तसं सिद्ध करायला आमच्याकडे काहीच नव्हतं. शेवटी आधीच्या मालकाने कुंपणासाठी केलेल्या जुन्या सर्व्हेत काही पातळ्या सापडल्या, शेजारच्या हद्दीवरच्या झाडांच्या बुंध्यांवरून सर्व्हेअरने बाकीच्या ताडून पाहिल्या, आणि ते मान्य झालं. त्यात अकरा आठवडे गेले.

सर्व्हेअरला काय सांगायचं:

टोपोग्राफिक, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा सर्व्हे हवा, नुसता हद्दीचा नको. समपातळी रेषा एक किंवा दोन फुटांच्या अंतराने हव्यात. घराचे चारही कोपरे येतील तिथे आणि भिंतींच्या रेषेवर दर दहा-पंधरा फुटांवर सुट्या पातळ्या हव्यात. रस्त्याच्या कर्बची, म्हणजे कडेच्या काँक्रीटच्या उंचवट्याची, पातळी हवी. पातळ्या कोणत्या आधारावर घेतल्या ते स्पष्ट लिहिलेलं हवं. पूररेषेचा प्रश्न असेल तर एनएव्हीडी ८८ हा राष्ट्रीय आधार घ्या. नसेल तर काही सर्व्हेअर एखाद्या बिंदूला १०० फूट मानून सुरुवात करतात, तेही चालतं, पण एकदा ठरला की सगळ्या नकाशांत तोच आधार राहिला पाहिजे.

आणि बेंचमार्क. बांधकामात हलणार नाही अशा ठिकाणी, रस्त्याकडेच्या काँक्रीटमध्ये किंवा खांबाला, एक खिळा मारून त्याची पातळी नोंदवून घ्या. फोटो काढा. हा खिळा शेवटच्या दिवसापर्यंत लागतो.

एक सापळा इथेच सांगते. सर्व्हेअर फुटाचे दशांश लिहितो, आर्किटेक्ट फूट-इंच. १००.५ म्हणजे शंभर फूट सहा इंच, पाच इंच नव्हे. १००.२५ म्हणजे शंभर फूट तीन इंच. आमच्या एका नकाशात हीच चूक होती आणि ती तीन जणांच्या नजरेतून सुटली. मोबाइलवरच्या जीपीएसने किंवा उपग्रह नकाशावरून उंची काढू नका. इथे प्रश्न इंचांचा आहे, त्यांची चूक फुटांची असते.

४. ग्रेड प्लेन काढा

आयबीसी आणि आयआरसीमध्ये उंचीची सुरुवात ग्रेड प्लेनपासून होते. ती खरी जमीन नव्हे. बाहेरच्या भिंतींना लागून असलेल्या फिनिश्ड जमिनीची सरासरी पातळी, म्हणजे मनात कल्पिलेला एक सपाट पाट. घरापासून जमीन खाली उतरत जात असेल तर भिंतीपाशी मोजायचं नाही. घर आणि हद्द यांच्यामधला सर्वांत खालचा बिंदू धरायचा, आणि हद्द सहा फुटांहून लांब असेल तर घरापासून सहा फुटांपर्यंतच्या पट्ट्यातला खालचा बिंदू. त्यामुळे भिंतीला टेकवून मातीची अरुंद कड रचून पातळी वाढवता येत नाही.

हा सहा फुटांचा नियम सपाट वाटणाऱ्या प्लॉटवरही लागू पडतो. पाणी पायापासून दूर जावं म्हणून आयआरसी पहिल्या दहा फुटांत किमान सहा इंच उतार मागतो. म्हणजे सहा फुटांवर जमीन साडेतीन इंचांहून जास्त खाली गेलेलीच असते. आर्किटेक्टने भिंतीपाशी मोजलं असेल तर ते इंच हिशेबातून गळतात.

आता आमचं उदाहरण घेते. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत, हिशेब खरा आहे. सहा फुटांच्या नियमाप्रमाणे घ्यायचे ते खालचे बिंदू यात आधीच धरले आहेत.

घर ६० फूट लांब, ४० फूट खोल. रस्त्याकडची जमीन वर, १०४ फुटांच्या पातळीवर. मागची खाली, ९६ वर. चारही कोपऱ्यांची सरासरी काढली:

१०४ + १०४ + ९६ + ९६ = ४००, भागिले ४ = १००.

आमच्या पहिल्या नकाशात हेच होतं. बाजूच्या भिंतींना जमीन एकसारखी उतरत असेल तर हे उत्तर बरोबर येतं. पण तळघरात उजेड यावा म्हणून आमच्या बिल्डरने दोन्ही बाजूंना जमीन खणून रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, दाखवली होती. बाजूच्या भिंतीला पहिले ८ फूट जमीन १०४ वर, मग एकदम उतरून उरलेले ३२ फूट ९६ वर. कोपरे तेच राहिले, मधली जमीन गेली. म्हणून लांबीच्या प्रमाणात सरासरी काढावी लागते:

समोरची भिंत: ६० × १०४ = ६२४०
मागची भिंत: ६० × ९६ = ५७६०
बाजूची प्रत्येक भिंत: (८ × १०४) + (३२ × ९६) = ३९०४, दोन्ही मिळून ७८०८
बेरीज १९८०८, भागिले घराचा घेर २०० = ९९.०४

कोपऱ्यांची सरासरी १००, घेराची ९९.०४. जवळपास एक फूट गेला. कोडच्या व्याख्येत ‘सरासरी’ एवढंच लिहिलेलं आहे, सूत्र नाही. पण उतार तुटक असेल तर तपासणारा अधिकारी घेराचाच हिशेब मागतो, आणि तो योग्यच आहे. हा तक्ता नकाशावरच छापून घ्या: भिंतीचा तुकडा, लांबी, सरासरी पातळी, गुणाकार. आमचा अर्ज दुसऱ्यांदा परत आला तो हा तक्ता नव्हता म्हणून.

तळघराच्या खिडक्यांसाठी बाहेर खणलेले खड्डे आणि तळघरातल्या गॅरेजकडे उतरणारा रस्ता धरायचा की नाही याचा अर्थ गावोगावी निराळा लावतात. तेही लेखी विचारा.

५. वरचं टोक कोणतं?

आयबीसी आणि आयआरसीत उंची ग्रेड प्लेनपासून सर्वांत उंच छपराच्या सरासरी उंचीपर्यंत मोजतात. उतरत्या छपराला याचा अर्थ वळचण आणि आढं यांच्या मधोमध. आमची वळचण १२४ वर, आढं १३६ वर, मध्य १३०. ग्रेड प्लेन १०० धरली तर ३० फूट.

आमच्या झोनिंगमध्ये मात्र ‘आढ्यापर्यंत’ होतं. १३६ वजा १०० = ३६. हेच ते दोन कागद.

आता हेच घर वेगवेगळ्या व्याख्यांखाली ठेवून बघा. जुन्या युनिफॉर्म कोडप्रमाणे सुरुवात १०४ पासून, छपराच्या मध्यापर्यंत: २६ फूट. सर्वांत खालच्या जमिनीपासून मध्यापर्यंत: ३४. सर्वांत खालच्या जमिनीपासून आढ्यापर्यंत: ४०. एक वीटही न हलवता २६ ते ४०. कुणी “आमच्या गावात असंच घर पास झालं” म्हणालं तर ऐका, पण त्यावर आपला नकाशा बेतू नका.

वळचण नक्की कुठे धरायची हेही विचारा: बाहेर आलेल्या छपराची कड, की भिंतीवर छप्पर टेकतं ती जागा? बाहेरची कड खाली असते, त्यामुळे मध्यबिंदू बदलतो. उष्णता राखण्यासाठी हल्ली छपराच्या कैच्या टोकाशी उंच घेतात, त्याने सगळं छप्पर काही इंच वर जातं. चिमणी, अँटेना, सजावटीचा मनोरा यांना बहुतेक गावं सूट देतात, पण सूट मिळणाऱ्या गोष्टींची यादी वाचून घ्या.

आम्ही छपराचा उतार कमी केला. बारा इंच आडव्या अंतराला सहा इंच चढ धरल्यावर आढं १३४ वर आलं. १०० पासून ३४ फूट, मग निश्चिंत झालो. घेराचा हिशेब आल्यावर तेच ३४.९६ झालं. मर्यादेपासून अर्धा इंच. पायाच्या काँक्रीटमध्ये तेवढा फरक सहज पडतो. कागदावर किमान एक फूट मोकळा ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते.

६. बेसमेंट आहे की मजला?

घरं इथेही अडतात, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आयबीसीप्रमाणे तळघराच्या वरची, म्हणजे पहिल्या मजल्याची तयार फरशी ग्रेड प्लेनपेक्षा सहा फुटांहून जास्त वर असेल, किंवा कुठल्याही एका ठिकाणी बाहेरच्या जमिनीपेक्षा बारा फुटांहून जास्त वर असेल, तर ते तळघर राहत नाही. तो ‘ग्रेड प्लेनवरचा मजला’ धरतात. अर्धं जमिनीत असलं तरी.

आमची पहिली फरशी १०६ वर होती. ग्रेड प्लेन १०० धरली तर बरोबर सहा फूट, ‘सहाहून जास्त’ नाही. मागच्या बाजूला १०६ वजा ९६ म्हणजे दहा फूट, बाराच्या आत. तळघर हे तळघरच. पण ग्रेड प्लेन ९९.०४ झाल्याबरोबर फरक ६.९६ आला आणि तळघराचा मजला झाला. आमच्या गावाची मर्यादा अडीच मजल्यांची आणि झोनिंगमधली मजल्याची व्याख्या याच मापाची. एका रिटेनिंग वॉलमुळे घर एका मजल्याने वाढलं.

ज्यांचं घर आधीच तीन मजल्यांचं आहे त्यांना हे आणखी महाग पडतं. आयआरसी ग्रेड प्लेनवरच्या तीन मजल्यांपर्यंतच चालतो. चौथा मोजला गेला की घर आयबीसीच्या कक्षेत जातं आणि सगळा नकाशा नव्याने तपासावा लागतो.

आम्ही शेवटी दोन गोष्टी केल्या. बाजूची खोदाई रद्द करून जमीन एकसारखी उतरती ठेवली, आणि सगळं घर अर्धा फूट खाली घेतलं. फरशी १०५.५, आढं १३३.५, ग्रेड प्लेन परत १००. तळघराला उजेड मागच्या बाजूने भरपूर येतो.

७. जमिनीच्या पातळीचा प्रश्न आणखी दोन ठिकाणी भेटेल

पूरप्रवण भागात फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या एलिव्हेशन सर्टिफिकेटवर घराला लागून असलेली सर्वांत खालची आणि सर्वांत वरची जमीन अशा दोन पातळ्या असतात. तिथे सरासरीला अर्थ नाही. पाणी सर्वांत खालच्या जागेतून आत येतं. पूरक्षेत्रातून घर वगळून घ्यायचा अर्ज करायचा असेल तर घराला लागलेली सर्वांत खालची जमीन पुराच्या पायाभूत पातळीइतकी किंवा तिच्यावर असावी लागते. भराव घालून ती वर आणली असेल तर अर्जाची वाट वेगळी. म्हणून झोनिंगसाठी जमीन उतरवताना पुराच्या नकाशावर एकदा नजर टाका.

दुसरं अपार्टमेंटवाल्यांसाठी. आयबीसीत हायराईज म्हणजे जिथे माणसं वापरतात असा एखादा मजला, अग्निशमन दलाची गाडी पोहोचते त्या सर्वांत खालच्या जागेपासून ७५ फुटांहून वर असलेली इमारत. तिथे ना ग्रेड प्लेन, ना आढं.

८. अर्ज आणि कागद

झोनिंगची मंजुरी आधी, बांधकामाचं परमिट नंतर. आमच्या अर्जाबरोबर गेलेली अंतिम फाईल अशी होती:

- पाडकामाआधीच्या आणि नंतरच्या पातळ्या दाखवणारा, सही-शिक्क्याचा टोपोग्राफिक सर्व्हे
- जुनी आणि नवी समपातळी रेषा एकत्र दाखवणारा साईट प्लॅन
- चारही बाजूंचे दर्शनी नकाशे, प्रत्येकावर जुनी जमीन तुटक रेषेत, नवी अखंड रेषेत, ग्रेड प्लेन आणि आढं यांच्या पातळ्या लिहिलेल्या
- ग्रेड प्लेनचा घेराप्रमाणे तक्ता
- दोन्ही पुस्तकांप्रमाणे उंची, शेजारी शेजारी, व्याख्येच्या कलमासह
- घर मधोमध कापलेला छेद, तळघर ते आढं
- झोनिंग ऑफिसरचं लेखी उत्तर
- प्लॉटचे तारखेसह फोटो

नकार आला आणि तुम्हाला अर्थ चुकीचा लावला असं वाटत असेल तर न्यू जर्सीत झोनिंग ऑफिसरच्या निर्णयावर २० दिवसांत अपील करावं लागतं. ही मुदत विसरू नका.

मर्यादा खरोखरच ओलांडावी लागत असेल तर व्हेरियन्स, म्हणजे नियमातून खास सूट मागावी लागते. इथे एक रेषा फार महत्त्वाची आहे. न्यू जर्सीच्या कायद्यात मुख्य इमारत मर्यादेपेक्षा १० फुटांनी किंवा १० टक्क्यांनी जास्त उंच गेली की तो ‘डी’ प्रकारचा व्हेरियन्स होतो आणि गावाच्या झोनिंग बोर्डाची किमान पाच मतं लागतात. ३५ फुटांच्या मर्यादेवर १० टक्के म्हणजे साडेतीन फूट. त्याच्या आत असाल तर ‘सी’ प्रकार, आणि प्लॉटचा असाधारण उतार हे त्यात कायद्याने मानलेलं कारण आहे. दोन्हींत २०० फुटांतल्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, शिवाय जाहीर सूचना. नोटीस पाठवण्याआधी शेजाऱ्यांकडे नकाशा घेऊन स्वतः जा. आमच्या उजवीकडच्या आजींना फक्त त्यांच्या स्वयंपाकघरातलं सकाळचं ऊन जाईल का एवढंच हवं होतं. व्हेरियन्स लागला नाही तरी त्यांना नकाशा दाखवल्याचा मला आनंद आहे.

९. बांधताना तीनदा मोजा

पहिल्यांदा पायाच्या भिंती ओतल्यावर, लाकडी सांगाडा चढण्याआधी. बरीच गावं इथे सर्व्हेअरचा दाखला मागतात; मागत नसतील तरी करा. पाया चार इंच वर ओतला गेला असेल तर छप्पर अजून कागदावरच आहे, सुधारता येतं.

दुसऱ्यांदा आढं बसल्यावर, पत्रे-शिंगल चढण्याआधी.

तिसऱ्यांदा माती पसरल्यावर, गवत लावण्याआधी. हे सगळ्यांत जास्त लोक विसरतात. ग्रेड प्लेन फिनिश्ड जमिनीवर ठरते. माती पसरणाऱ्या माणसाने पाणी वाहून जावं म्हणून मागच्या बाजूला एक फूट जास्त खरवडलं तर घर न वाढताही उंची वाढते.

मधल्या तपासणीसाठी लेझर लेव्हल भाड्याने मिळते. आमच्याकडे माझ्या वडिलांनी, ते तेव्हा कोल्हापूरहून आले होते, पारदर्शक नळीत पाणी भरून बेंचमार्कच्या खिळ्यापासून चारही कोपरे तपासले, आपले गवंडी जोतं धरताना करतात तसं. सर्व्हेअरच्या आकड्यांशी पाव इंचाच्या आत जुळलं. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि दोन्ही टोकांचे अंगठे एकाच वेळी काढा.

अंतिम सर्व्हे हातात आला की त्याची एक प्रत घराच्या कागदांत ठेवा आणि त्यावर बेंचमार्कचा खिळा कुठे आहे ते लिहा. मागे डेक किंवा वर एखादी खोली काढायची झाली तर पहिला प्रश्न पुन्हा ग्रेडचाच येईल.